नगरपालिका आणि सेवकांचे शिक्षण
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आमचे सारे आयुष्य शाळेत गेले. तेव्हा आजचा विषयही शिक्षणाचाच आहे. मात्र हे शिक्षण मुलांचे नव्हे, नगरपालिकेच्या सेवकांचे होय. आपल्या ज्ञातीतील काही मंडळी या नोकरीत आहेत, आणि नळाचे पाणी व गटाराची दुर्गंधी यांच्याशी तर प्रत्येक घराचा संबंध येतो.

एखाद्या नगरपालिकेचा कारभार कोलमडला की सरकारने हात घालावा, अशी मागणी होते. कायद्यात तशी तरतूद आहे. आपल्या राज्यात १९६५ च्या अधिनियमान्वये सरकार नगरपरिषद बरखास्त करून तेथे प्रशासक नेमू शकते. १ जून १९९३ रोजी अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने या अधिकारास मर्यादा घातली. बरखास्तीपूर्वी नगरपालिकेचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे, आणि त्यानंतर सहा महिन्यांच्या आत निवडणूक झाली पाहिजे. लोकशाहीच्या दृष्टीने हे योग्यच आहे. परंतु याचा अर्थ असा की, प्रशासक हा पाहुणा होय. कायम राहतात ते कारकून, अभियंते, स्वच्छता निरीक्षक, मुकादम आणि सफाई कामगार. त्यांना कामाची नवी रीत लाभली नाही, तर पाहुणा गेल्यावर घर पूर्ववत् होते. शाळेतही नवे मुख्याध्यापक आले एवढ्याने वर्गातील शिकवणे सुधारत नाही.

यासंबंधी सुरतेचे उदाहरण मननीय आहे. खानदेशातून पोटापाण्यासाठी गेलेली हजारो कुटुंबे तेथे नांदत आहेत. म्हणून ते शहर आपणांस परके नाही. सप्टेंबर १९९४ मध्ये तेथे प्लेगची साथ उद्भवली आणि भयाने लाखो लोक शहर सोडून गेले. पुढे १९९५ मध्ये श्री. एस. आर. राव हे तेथे आयुक्त म्हणून आले. त्यांनी बाहेरून नवी फौज आणली नाही. होते तेच सेवक हाताशी धरले. शहराचे सहा विभाग पाडून प्रत्येकावर एक अधिकारी नेमिला, आणि त्यास जबाबदारीबरोबर अधिकारही दिले. अधिकाऱ्यांनी रोज सकाळी स्वतः वस्त्यांतून फिरावे आणि नंतर एकत्र बसून काय पाहिले, काय अडले, याचा विचार करावा, असा शिरस्ता घातला. आमच्या मते ती रोजची बैठक हाच खरा वर्ग होता. तेथे आरोग्य खात्याचा माणूस गटाराचे काम समजून घेऊ शकत होता, आणि अभियंत्यास रोगाचे मूळ कळू शकत होते.

फळ लवकरच दिसले. १९९६ मध्ये एका पाहणीत सुरत हे चंदीगडच्या खालोखाल स्वच्छ शहर ठरले. पण आम्हांस याहून मोठी वाटते ती पुढची गोष्ट. राव यांची बदली झाली, आयुक्त येत गेले, जात गेले. ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या महापुराने शहराचा बहुतेक भाग बुडाला. तरी चिखल व कचरा झपाट्याने उपसला गेला आणि १९९४ ची आपत्ती पुन्हा आली नाही. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरतेने इंदूरच्या बरोबरीने पहिला क्रमांक मिळविला. विद्या सेवकांच्या अंगी मुरली होती, म्हणून ती टिकली.

केवळ प्रशिक्षणाने सर्व साधते, असे मात्र नव्हे. जागा रिकाम्या असतील, पगार वेळेवर होत नसेल, किंवा हिशेब शिकून आलेल्या माणसास दुसऱ्याच टेबलावर बसविले असेल, तर शिक्षणाचा खर्च पाण्यात जातो. म्हणून प्रशासक नेमताना सरकारने त्याच्याकडून वसुलीचे आकडे जसे मागावे, तसेच कोणत्या सेवकास काय शिकविले आणि तो आता कोणते काम स्वतः करतो, याचाही हिशेब मागावा.

मुंबईत १९२६ साली स्थापन झालेली अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था स्वच्छता निरीक्षकांचे व नगरकारभाराचे अभ्यासक्रम चालविते. आपल्या मुलामुलींनी त्यांकडे कमीपणाने पाहू नये. मंडळाच्या शिष्यवृत्तीत डॉक्टर व इंजिनिअर यांच्या पंक्तीस या विद्यार्थ्यांनाही पाट मांडावा, अशी आमची नम्र सूचना आहे. आणि जे बांधव आज नगरपालिकेच्या सेवेत आहेत, त्यांनी आपल्या हाताखालच्या एका तरी माणसास आपले काम शिकवून मगच निवृत्त व्हावे.