शेजारणीला काय सांगावे?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज दोन शब्द बोलावे असा मला आग्रह झाला. मी सातवी शिकलेली बाई, विद्वत्तेचे माझ्याजवळ काही नाही. घरात घडलेले एक सांगते. आपल्या हिंदू-मुसलमान शेजारणीही आज आल्या आहेत. हे त्यांच्यासमोरच सांगावे असे मनात होते, तेव्हा बरेच झाले.

आमच्या शेजारी एक काकू राहतात. त्यांना विचारूनच हे सांगते आहे. त्यांचा कर्ता मुलगा शेतातल्या मोटारीचा करंट लागून गेला. तेरावा झाल्यावर एके संध्याकाळी त्या आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "तुझी सासू गेली तेव्हा तुम्ही सगळे रडतही होता आणि गाणीही म्हणत होता. मी भिंतीपलीकडून ऐकलं. तुम्हाला असं काय सापडलंय गं?"

मी काय उत्तर द्यावे? "आमच्यात तशी पद्धत आहे, काकू," असे म्हणाले आणि चहा टाकायला उठले.

त्या रात्री मला झोप आली नाही. शेकोटीपाशी एका दासीने विचारल्यावर पेत्राने प्रभूला नाकारले, ती गोष्ट आपण दर वर्षी ऐकतो आणि पेत्राला नावे ठेवतो. त्याला निदान जिवाची भीती होती. मला कसली होती? एक दुःखी म्हातारी भाकर मागावी तसे विचारीत होती आणि माझ्या घरात भाकर असून मी ती झाकून ठेवली.

भीती नव्हती असे मात्र म्हणत नाही. आपल्या वाडवडिलांनी "बाटगे" हा शब्द ऐकला आहे. दुधाच्या पावडरीसाठी धर्म सोडला, असे टोमणे त्यांनी सोसले आहेत. आता कोणी तक्रार करील, नसते बालंट येईल, असेही वाटते. माझा मुलगा कॉलेजात आहे. त्याने सांगितले की, घटनेच्या पंचविसाव्या कलमात आपला धर्म पाळण्याचा आणि सांगण्याचाही हक्क आहे. मात्र 1977 साली सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केले, की सांगणे म्हणजे आपली तत्त्वे समजावणे. दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क त्यात येत नाही. मला तर हे रास्तच वाटते. मन पालटणे हे काही आपले काम नव्हे.

आणि सांगण्यात वावगे ते काय? कोजागरीच्या आधी सोलापूरहून माणसे पायी तुळजापूरला जातात. नळावर बायका सांगतात, आई भवानीने माझी हाक ऐकली. आपण ऐकतो, राग येत नाही, उलट त्यांचे पाय सुजलेले पाहून पाणी देतो. मग आपल्याच तोंडाला कुलूप का?

लक्ष्मीबाई टिळकांची आठवण होते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1895 साली मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले. पुढे त्या नवऱ्याजवळ राहायला आल्या, तरी आपले सोवळे पाळीत होत्या. त्यांचा बाप्तिस्मा 1900 साली झाला, त्यांचे त्यांना पटले तेव्हा. लिहायला-वाचायला त्या नवऱ्याजवळच शिकल्या. अशा बाईने 'स्मृतिचित्रे' लिहिली. पहिला भाग 1934 साली निघाला, आणि ज्यांना ख्रिस्ती धर्माशी काही कर्तव्य नव्हते त्यांनीही तो आवडीने वाचला. कारण त्यांनी उपदेश केला नाही. आपली फजिती, रुसवेफुगवे, रडणे, सगळे जसेच्या तसे सांगितले. देव त्यातच भेटतो.

तशाच पंडिता रमाबाई. सोलापूरहून पुण्याला जाताना दौंड सुटले की केडगाव लागते, तिथे त्यांचे मुक्ती मिशन. एवढ्या संस्कृत पंडिता, पण हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबल सोप्या मराठीत आणले. ते छापण्याचे काम मुक्तीतल्याच बायकामुलींनी केले. थोडेसे वाचता येणाऱ्या बाईलाही कळावे, एवढीच त्यांची तळमळ. आणि आपण? घरातली पोथी पाहुणे आले की कपाटात ठेवतो!

एक मात्र जपावे. कोणाच्या देवाला उणे बोलू नये. आजाऱ्याला "आमच्याकडे ये, बरी होशील" असे वचन देऊ नये. मदत करायची तर मुकाट्याने करावी, तिच्या आड धर्म नको. विचारले तर मात्र लपवू नये.

मी काय केले ते सांगते. महिन्याभराने काकूंकडे गेले आणि म्हटले, "काकू, त्या दिवशी मी खोटं बोलले. ती नुसती पद्धत नव्हती." मग सासूबाईंच्या शेवटच्या रात्रीचे सगळे सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत, नुसता माझा हात धरून बसल्या. त्यांच्या देव्हाऱ्यातला दिवा जळतच होता आणि आजही रोज लागतो.

आता शुक्रवारी दुपारी त्या येतात. त्यांचा चष्मा फुटला आहे, म्हणून मी वाचते आणि त्या ज्वारी निवडतात. परवा शोमरोनी बाईची गोष्ट वाचली. विहिरीवर प्रभूशी बोलल्यावर ती आपली घागर तिथेच टाकून गावात सांगायला धावली. काकूंनी सूप खाली ठेवले.

"अगं, मग ती घागर कोणी घरी नेली?"

मला काही सांगता आले नाही. पाळकसाहेब, तुम्हाला ठाऊक असेल तर सांगा. त्या शुक्रवारी पुन्हा विचारणार आहेत.