लोकांची जागा, लोकांची ठेव
(सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेत दिलेले भाषण)



आजच्या मंगल प्रसंगी दोन शब्द बोलण्याची आज्ञा महोत्सव समितीने मला केली, याबद्दल मी तिचा ऋणी आहे. पूर्वजांचे गुणगान माझ्या आधीच्या वक्त्यांनी यथायोग्य केलेच आहे. मी एक रुक्ष वाटणारा विषय आपणांपुढे मांडणार आहे. परंतु तो आपल्या अगदी दाराशी येऊन उभा राहिला आहे.

देवळाजवळचे महानगरपालिकेचे मोकळे मैदान आणि त्याच्या कडेचे, गेली कित्येक वर्षे कुलूपबंद असलेले समाजमंदिर, ही दोन्ही महोत्सवाचे स्मारक म्हणून आपल्या मंडळाने भाडेपट्ट्याने मागून घ्यावीत, अशी सूचना तरुण मंडळींनी पुढे आणली आहे. तेथे मुलांनी खेळावे, सायंकाळी वाचनालय उघडावे, वृद्धांना चार घटका बसता यावे, हा त्यांचा हेतू. हेतू उत्तम आहे. पण उत्तम हेतूने मागितलेली वस्तूही आपण कोणाकडून मागतो व कोणत्या शर्तींवर घेतो, याचा विचार अर्जावर सह्या होण्यापूर्वीच झाला पाहिजे.

प्रथम मालकीचा विचार करू. मैदान महानगरपालिकेचे आहे असे आपण म्हणतो, परंतु पालिका ही केवळ राखणदार आहे. जागा गावातील सर्वांची: देवळात येणाऱ्यांची आणि न येणाऱ्यांची, कर भरणाऱ्या घरमालकाची आणि खोपटात राहणाऱ्या मजुराचीही. म्हणूनच कायद्याने राखणदाराचे हात बांधून ठेवले आहेत. मुंबईबाहेरील महानगरपालिकांना लागू असलेल्या 1949 च्या अधिनियमात अशी योजना आहे की, अल्प मुदतीसाठी आयुक्तांनी आपल्या अधिकारात जागा द्यावी, परंतु दीर्घ मुदतीसाठी महानगरपालिकेची मंजुरी घ्यावी. आणि जो मोबदला घ्यावयाचा तो चालू बाजारभावापेक्षा कमी नसावा. तेव्हा सवलत हवी असेल, तर तिचा आधार नियमांत दाखवावा लागतो. कोणा पुढाऱ्याने पाठीवर हात ठेवला, हा आधार नव्हे.

येथे कोणी विचारील, ‘आम्ही नफा कमावणारे नाही, मग आम्हांस नाममात्र भाड्याने जागा का मिळू नये?’ प्रश्न रास्त आहे. परंतु जे भाडे आपण देत नाही, ते कोणीतरी देतच असतो. बाजारभावाने जागा दिली असती तर जी रक्कम पालिकेच्या तिजोरीत आली असती, तीतून एखादी गटारे दुरुस्त झाली असती, एखाद्या दवाखान्यात औषध आले असते. सवलतीचे भाडे म्हणजे सर्व गावाने आपल्या मंडळास दिलेली वार्षिक वर्गणी होय. ज्याची वर्गणी घेतली त्यास दारातून परत पाठविण्याचा अधिकार आपणांस उरत नाही. या एका वाक्यात माझ्या भाषणाचे सार आले.

इंग्रजांच्या कायद्यात एक जुनी रीत आहे. नाममात्र भाडे ठरवावयाचे झाले की, वर्षाला मिरीचा एक दाणा असे करारात लिहीत. मिरीच्या दाण्याने मालक श्रीमंत होत नाही. पण तो दाणा देणारा दरवर्षी कबूल करतो की, ही जागा माझी नाही. हे कबूल करण्याचे विसरले की काय होते, ते शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याच्या दाखल्यात आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. कुळांनी मळा चांगला राखला नाही, असे तो दाखला म्हणत नाही. ते मालकास विसरले, एवढाच त्यांचा अपराध. आणि त्यातून पुढचे सर्व अनर्थ झाले.

अलीकडचे दाखलेही थोडे नाहीत. बंगळूर शहरात उद्यानासाठी राखलेली जागा एका वैद्यकीय न्यासास रुग्णालय उभारण्यासाठी देण्यात आली. रहिवाशांनी दाद मागितली, आणि 1991 साली सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप अवैध ठरविले. रुग्णालय हे सत्कार्य आहे, यात शंका नाही. तरीही मुलांची बाग बुजवून ते करता येत नाही. पुढे 2011 साली, मध्यप्रदेश सरकारने भोपाळ येथे एका न्यासास दिलेली जमीन त्याच न्यायालयाने रद्द केली. जाहिरात नाही, इतरांस संधी नाही, केवळ मागणाऱ्याच्या अर्जावरून सार्वजनिक संपत्ती देता येणार नाही, असे तत्त्व त्या निकालात स्पष्ट झाले.

मुंबईचा अनुभव तर आपल्या शेजारचा. तेथील महानगरपालिकेने आपली उद्याने व क्रीडांगणे सांभाळावयास संस्थांकडे देण्याचे धोरण अनेक वर्षे चालविले. काही संस्थांनी ओसाड जागांच्या सुंदर बागा केल्या, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु काही भूखंडांवर सभासदांपुरते क्लब उभे राहिले, आणि शेजारच्या चाळीतील मुलगा फाटकाबाहेर राहिला. जानेवारी 2016 मध्ये पालिकेच्या सभेने याविषयीचे नवे धोरण संमत करताच नागरिकांत असा क्षोभ झाला की, तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी त्यास स्थगिती दिली आणि दिलेले भूखंड परत घेण्याचे काम पालिकेवर सोपविले. 2023 साली पालिकेने पुन्हा एक मसुदा पुढे आणला, तेव्हा तीच भीती पुन्हा बोलली गेली. एकदा उडालेला विश्वास लवकर परतत नाही.

मग संस्थांना जागा देऊच नये काय? असे मी मुळीच म्हणत नाही. कुलूपबंद समाजमंदिराने कोणाचे हित साधले? भिंतीस ओल येते, खिडक्यांची तावदाने फुटतात, आणि लोकांच्या पैशाने बांधलेली वास्तू लोकांच्या डोळ्यांदेखत खचते. उत्साही मंडळाच्या हाती ती आली, तर पालिकेचा खर्च वाचतो व गावास वास्तू मिळते. प्रश्न देण्याचा नसून देण्याच्या रीतीचा आहे.

ही रीत इतरत्र कशी घातली आहे, ते पाहण्यासारखे आहे. इंग्लंडात 1972 च्या कायद्याने नगरसंस्थांनी, 7 वर्षांपर्यंतचे पट्टे सोडल्यास, जमिनीचा अधिकाधिक मोबदला घ्यावा असे बंधन घातले. 2003 साली त्यास एक दार ठेवले: त्या भागाचे सामाजिक, आर्थिक वा पर्यावरणीय हित साधत असेल, तर 20 लाख पौंडांपर्यंत कमी मोबदल्यात जागा देता यावी. मोकळे मैदान देण्यापूर्वी मात्र लागोपाठ दोन आठवडे स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर करून हरकती ऐकाव्या लागतात.

आपल्यापैकी काहींची मुले व नातवंडे आज ऑस्ट्रेलियात आहेत. त्यांना तेथील न्यू साउथ वेल्स प्रांतातील 1993 चा कायदा परिचित असेल. समाजाची म्हणून नोंदलेली जमीन तेथे नगरसंस्थेस विकता येत नाही. 5 वर्षांहून अधिक मुदतीचा पट्टा द्यावयाचा तर जागेवर सूचना लावावी लागते, शेजाऱ्यांस कळवावे लागते, आणि लेखी म्हणणे मांडण्यास निदान 28 दिवस द्यावे लागतात. असा पट्टा निविदा मागवूनच द्यावा लागतो. ना-नफा संस्थेस तेवढी सूट आहे. परंतु सूट निविदेपुरती. शेजाऱ्यांना विचारण्यातून सुटका नाही. आणि 30 वर्षांपलीकडे कोणालाही पट्टा मिळत नाही. मला हा क्रम फार शहाणपणाचा वाटतो. सत्कार्य करणाऱ्यास स्पर्धेतून सवलत द्यावी, परंतु लोकांच्या डोळ्यांपुढून आडबाजूस जाण्याची सवलत देऊ नये.

आता आपण काय करावे? माझ्या अल्पमतीप्रमाणे अर्ज अवश्य करावा, पण पुढील गोष्टी मनाशी पक्क्या करून.

पहिली, करार लेखी असावा व त्याची नोंदणी व्हावी. एक वर्षाहून अधिक मुदतीचा पट्टा नोंदणीवाचून सिद्ध होत नाही. पट्टा व परवाना यांतील भेदही तरुणांनी समजून घ्यावा: पट्ट्याने मुदतीपुरता जागेच्या उपभोगाचा हक्क मिळतो, परवान्याने केवळ वापरण्याची मुभा. अकरा महिन्यांच्या मुभेवर छप्पर बदलण्याचा खर्च करणे शहाणपणाचे नाही. आणि कायमची मालकी असल्यासारखी मुदत मागणे न्यायाचे नाही. दुरुस्तीचा खर्च फळास येईल इतकी मुदत मागावी, अधिक नको.

दुसरी, मैदानावर एक वीटही चढवू नये. समाजमंदिर आहे तेवढे पुरे.

तिसरी, वेळापत्रक फाटकावर लावावे, आणि त्यात शेजारच्या वस्तीतील मुलांचा, महिला बचतगटाचा, इतर मंडळांचा वार व तास आपल्या इतकाच ठळक लिहिलेला असावा. लग्नकार्यास दिवाणखाना दिला, तर दर सर्वांस एकच.

चौथी, जमाखर्च. सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे आपण हिशेब देतोच. तोच हिशेब समाजमंदिराच्या दारावर चिकटविण्यास संकोच कसला?

आणि पाचवी, अर्ज करण्यापूर्वी शेजाऱ्यांची सभा बोलवावी. कायदा सांगो वा न सांगो. त्यांचा विरोध असेल तर तो आज, मोकळ्या मनाने ऐकावा; फाटक बसल्यावर ऐकलेला विरोध वैर होऊन येतो. ओळखीच्या जोरावर मिळविलेली जागा, दुसऱ्याची ओळख अधिक जड ठरताच हातची जाते. शेजाऱ्यांच्या संमतीने मिळालेली जागा तेच शेजारी राखतात.

या अटी पाळणे जड वाटत असेल, तर अर्ज न केलेला बरा. त्या पाळण्याची तयारी असेल, तर पहिली सही माझी घ्यावी. पन्नास वर्षांनी या धर्मग्रामाचा शतकमहोत्सव होईल, तेव्हा ते मैदान मोकळे असावे, त्यावर कोणाची मुले खेळत आहेत हे कोणासही विचारावेसे वाटू नये, आणि पट्ट्याची मुदत संपताच आपल्या नातवंडांनी किल्ली पालिकेच्या हाती हसतमुखाने ठेवावी, अशी परमेश्वर आपणांस बुद्धी देवो.