तव्यावरची करटोली
(प्रौढ वर्गात केलेले भाषण)



पाऊस सुरू झाला, की काशीमीऱ्याला रस्त्याच्या कडेला टोपल्या दिसू लागतात. पाड्यावरच्या बाया टाकळा, शेवळं, कुर्डू विकायला आणतात. त्यांतच हिरवी, काटेरी करटोली असते. कोणी तिला कंटोली म्हणतात. ती ओळखायला आम्ही तुमच्यासारख्या जाणत्या माणसांकडूनच शिकलो. आज तिची साधी भाजी कशी करायची, ते बोलू या.

पाव किलो करटोली घ्या. हिरवी, कोवळी पाहून घ्या. पिवळी पडली, की आतल्या बिया टणक होतात. आधी धुवा, मग चिरा. चिरून धुतली तर सत्त्व पाण्याबरोबर वाहून जाते. फडक्याने कोरडी पुसा. पातळ गोल काप करा. टणक बिया काढून टाका.

लोखंडी तवा तापवा. दोन चमचे तेल घाला. चार-पाच लसूण पाकळ्या ठेचून टाका. चिमूटभर हळद घाला. आता काप पसरा. एकावर एक ठेवू नका. आच मंद असू द्या. झाकण ठेवू नका. झाकण ठेवले, की वाफेचे पाणी पडते आणि काप मऊ होतात. एक बाजू खरपूस झाली, की उलटा. मीठ आणि तिखट शेवटी घाला. मीठ आधी घातले तर भाजीला पाणी सुटते. तवा उतरवून वर लिंबू पिळा. लिंबामुळे भाकरीतले आणि डाळीतले लोह अंगी लागते. जेवणाबरोबर चहा मात्र पिऊ नका. चहा ते लोह अंगी लागू देत नाही.

डोंगरातले रान राष्ट्रीय उद्यानात येते. तिथून काही तोडून आणायला कायद्याने मनाई आहे. म्हणून कुंपणावरच वेल लावा. करटोलीचा नर वेल वेगळा, मादी वेल वेगळा. फळ मादी वेलाला धरते, पण जवळ नर वेल हवा. कंद जमिनीत राहू द्या. पुढच्या पावसात तो पुन्हा फुटतो.

आता मुद्द्याचे सांगतो. वर्गातल्या एका बाईंना आम्ही विचारले, "तुमच्या वाट्याला किती काप आले?" त्या म्हणाल्या, "मी तवा पुसून खाल्ला." सगळे हसले. आम्हांला हसू आले नाही.

२०१९ ते २०२१ या काळात सरकारने देशभर आरोग्याची पाहणी केली. आपल्या राज्यात १५ ते ४९ वर्षांच्या १०० बायांपैकी ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. धाप लागते, चक्कर येते, काम उरकत नाही. बाई म्हणते, "वय झालं." वय नव्हे, रक्त कमी! नुसत्या करटोलीने ते भरून येणार नाही. दवाखान्यात रक्त तपासून घ्या. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, तर त्या नेमाने घ्या. पण ताटात काही पडलेच नाही, तर गोळी एकटी काय करील?

तुम्हांला आता आकडे येतात. आज रात्री तव्यावरचे काप मोजा. घरात माणसे किती, तेही मोजा. मग भागाकार करा. करणारीचे ताट आधी मांडा, आणि सगळे एकदम जेवायला बसा.