महानगरांच्या सीमा आणि स्थलांतराचे मोजमाप



स्थलांतर हा आर्थिक विकासाचा परिणाम आहे, तसाच तो विकासाचा एक आधारही आहे. मात्र एखाद्या महानगरात किती माणसे बाहेरून आली, या साध्या प्रश्नाचे उत्तर सहज मिळत नाही. त्याचे मुख्य कारण असे की, महानगर एका सीमेत वाढते आणि आकडेवारी दुसऱ्याच सीमेत गोळा होते.

भारतीय जनगणनेत जन्मस्थानाचा प्रश्न १८७२ पासून विचारला जातो. पूर्वीच्या वास्तव्याच्या ठिकाणाचा प्रश्न १९७१ मध्ये, तर स्थलांतराच्या कारणाचा १९८१ मध्ये समाविष्ट झाला. या उत्तरांचे वर्गीकरण प्रामुख्याने जिल्ह्यांतर्गत, राज्यातील अन्य जिल्ह्यांतून, अन्य राज्यांतून आणि परदेशातून असे केले जाते. म्हणजेच, कोणाला कोणत्या प्रकारचा स्थलांतरित म्हणावे, हे प्रशासकीय सीमा ठरवते.

महानगराची व्याख्या मात्र वेगळी आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने समाविष्ट झालेल्या अनुच्छेद २४३ त नुसार दहा लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येचे, एक वा अधिक जिल्ह्यांत पसरलेले आणि राज्यपालांनी अधिसूचित केलेले क्षेत्र म्हणजे महानगर क्षेत्र होय. जनगणनेची 'नागरी समूह' ही संकल्पना सलग नागरी विस्तारावर आधारलेली आहे. दहा लाखांहून अधिक लोकसंख्येचे नागरी समूह व शहरे २००१ मध्ये ३५ होती. २०११ मध्ये ती ५३ झाली.

ठाणे जिल्ह्याचे उदाहरण

२०११ मध्ये बृहन्मुंबई नागरी समूहाची लोकसंख्या १ कोटी ८३ लाख ९५ हजार होती. त्यांपैकी १ कोटी २४ लाख ४२ हजार लोक बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत, तर उरलेले सुमारे ५९ लाख ५३ हजार लोक ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई, मीरा-भाईंदर, उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या ठाणे जिल्ह्यातील शहरांत राहत होते. त्या वेळच्या ठाणे जिल्ह्याची एकूण लोकसंख्या १ कोटी १० लाख ६० हजार होती. वसई-विरार व भिवंडी ही शहरे याच जिल्ह्यात असूनही या समूहाबाहेर होती.

संशोधकाकडील एकक पातळीवरील आकडेवारीत व्यक्तीचा केवळ जिल्हा नोंदलेला असेल, तर पेच निर्माण होतो. संपूर्ण ठाणे जिल्हा महानगरात धरल्यास समूहाबाहेरील ५१ लाख लोक आत येतात. ही अतिसमावेशाची चूक होय. जिल्हा वगळल्यास समूहातील जवळजवळ एक-तृतीयांश लोक निसटतात. ही वगळण्याची चूक होय. तिसरा मार्ग भाराचा. जिल्ह्यातील ५४ टक्के लोक समूहात असल्याने प्रत्येक नोंदीला ०.५४ हा भार द्यावा. परंतु त्यामागे स्थलांतरित जिल्हाभर सारखेच विखुरलेले आहेत, असे गृहीतक आहे आणि ते वास्तवाला धरून नाही. ग्रामीण-नागरी भेद उपलब्ध असल्यास अंदाज सुधारतो. जिल्ह्यातील सुमारे ७७ टक्के लोकसंख्या नागरी होती. केवळ तिचाच विचार केल्यास समूहाचा वाटा सुमारे ७० टक्क्यांवर जातो.

अमेरिकेतही हा प्रश्न आहे. तेथे व्यक्तीची ओळख गुप्त राहावी म्हणून जनगणना विभागाच्या नमुना नोंदींत किमान एक लाख लोकसंख्येचे क्षेत्रच दर्शविले जाते, तर महानगरे काउंटींच्या सीमांवर आखलेली असतात. त्यामुळे लोकसंख्येच्या वाट्यावरून जुळणी करून दोन्ही प्रकारच्या चुका किती, हे सांगण्याची पद्धत तेथे रूढ झाली आहे.

सीमा बदलते, माणूस नाही

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. २०११ चीच लोकसंख्या घेतली, तरी उर्वरित ठाणे जिल्ह्यात समूहाचा वाटा ५४ वरून ७४ टक्के होतो. जव्हारहून ठाणे शहरात स्थायिक झालेले आदिवासी कुटुंब २०११ मध्ये जिल्ह्यांतर्गत स्थलांतरितांत मोडत होते. नव्या सीमांनुसार ते आंतरजिल्हा स्थलांतरित ठरते. उलट, दादरहून डोंबिवलीला घर बदलणारा नोकरदार त्याच महानगरात राहूनही आंतरजिल्हा स्थलांतरित गणला जातो. दिल्लीहून नोएडाला गेलेली व्यक्ती तर आंतरराज्य स्थलांतरित ठरते. २०११ मधील दिल्ली नागरी समूहात नोएडा, गाझियाबाद, गुडगाव व फरिदाबाद यांचा समावेश नव्हता.

याचे परिणाम धोरणांवर होतात. २००१ ते २०११ या काळात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ७.६ टक्क्यांनी घटली, तर ठाणे जिल्ह्याची ३६ टक्क्यांनी वाढली. केवळ शहर जिल्ह्याकडे पाहणाऱ्यास मुंबईची वाढ थांबली, असे वाटेल. पाणी, उपनगरी रेल्वे, शाळा व घरे यांची गरज मात्र सीमेपलीकडे वाढत होती. अनुच्छेद २४३ य ङ नुसार महानगर नियोजन समितीची तरतूद आहे, ती याच एकत्रित विचारासाठी.

पुढील जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख निश्चित झाली आहे. हिमाच्छादित प्रदेशांसाठी ती १ ऑक्टोबर २०२६ आहे. २०११ नंतर अनेक राज्यांत नवे जिल्हे निर्माण झाले आहेत. म्हणून दोन जनगणनांची तुलना करताना प्रथम दोन्ही वर्षांच्या सीमा समान पायावर आणाव्यात, कोणता भार वापरला ते नमूद करावे आणि मगच स्थलांतर वाढले की घटले, याचा निष्कर्ष काढावा. तसे न केल्यास जिल्ह्याच्या नकाशातील बदलालाच माणसांची हालचाल समजण्याची चूक होईल आणि जव्हारहून आलेल्या कुटुंबाची गरज नियोजनाच्या हिशेबात येणारच नाही.