सीटी स्कॅनचा हिशेब



आम्ही काही डॉक्टर नव्हे. सातवीनंतर शाळा सुटली. पुढचे सारे वाचन युनियनच्या कचेरीतले. मग सीटी स्कॅनवर बोलण्याचा आमचा अधिकार काय? एवढाच, की आमच्या एका सोबत्याच्या पोटाचे एका महिन्यात तीन स्कॅन झाले. दुसऱ्या रुग्णालयाने पहिल्याची फिल्म मानली नाही, तिसऱ्याने दुसऱ्याची. पैशाचा हिशेब आम्ही मांडला. अंगातून गेलेल्या क्ष-किरणांचा हिशेब मात्र कोणापाशीच नव्हता. तो कसा मांडतात, हे आम्ही तेव्हा शिकू लागलो.

हे यंत्र काढले गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात पहिल्या रोग्याच्या मेंदूचे चित्र निघाले. किरणांची बारीक रेघ डोक्यावरून सरकायची, मग एक अंश वळून पुन्हा सरकायची. एका फेरीला चार-पाच मिनिटे लागत, आणि चित्र अवघ्या ८० बाय ८० चौकटींचे. दुसऱ्या पिढीत त्या रेघेचा छोटा पंखा झाला. तिसरीत पंखा सबंध अंगाला पुरेल इतका रुंद झाला आणि किरणांची नळी व समोरचे शोधक एकत्र फिरू लागले. चौथीत शोधकांचे कडे स्थिर राहिले, नळी तेवढी फिरली. टिकली ती तिसरीच घडण. तिच्यावरच पुढे मळसूत्री स्कॅन आला, आणि १९९८ साली एका फेरीत चार छेद घेणारी यंत्रे आली.

चित्र सुधारले, यात शंका नाही. पण फुकट काही मिळत नाही, हे कामगाराला सांगायला नको. किरण कमी पडले की चित्र रवाळ दिसते. इतर सारे तेच ठेवून हा रवाळपणा निम्मा करायचा, तर किरणांची मात्रा चौपट लागते. छेद पातळ केला की बारकावा दिसतो, पण रवा वाढतो. म्हणून नवे यंत्र म्हणजे कमी मात्रा, असे समजू नये. त्या पहिल्या चार-छेदी यंत्रांत किरणांचा बराच भाग शोधकांच्या बाहेर वाया जाई आणि रोग्याला मात्रा उलट जास्त बसे. पुढे अंगाच्या जाडीप्रमाणे किरण कमीजास्त करणारी सोय आली, रवा गाळणारे गणित आले, तेव्हा मात्रा उतरली. तीही चालवणाऱ्याने ती सोय नीट वापरली तर!

पोटाच्या एका स्कॅनला साधारण ८ ते १० मिलिसीव्हर्ट मात्रा बसते. निसर्गाकडून माणसाला वर्षाकाठी सरासरी २.४ मिळते. यंत्र चालवणाऱ्या कामगाराच्या छातीवर मात्रा मोजणारा बिल्ला असतो. त्याला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० ची मर्यादा आहे. रोग्याला मर्यादा नाही, आणि ते योग्यच आहे. डोक्यात रक्तस्राव झाला असेल, तर स्कॅन नाकारणे हा वेडेपणा होईल. पण मर्यादा नाही म्हणून मोजदादही नको, हे कोणी ठरवले?

आजची यंत्रे प्रत्येक स्कॅनच्या मात्रेचा आकडा पडद्यावर दाखवतात. तो अहवालात लिहून मागा. जुनी फिल्म आणि तबकडी जपून ठेवा, दुसऱ्या डॉक्टरांपुढे ठेवा आणि नम्रपणे विचारा, ‘हिच्यावर भागेल का?’ आमच्या सोबत्याने हा प्रश्न विचारला नाही, कारण विचारायचा असतो हे आम्हीच त्याला कधी सांगितले नव्हते. ती चूक आज थोडी भरून काढली.