शाळेचा निरोप घेताना

(धर्मग्रामाच्या महोत्सवी वर्षात भरलेल्या निरोप समारंभात दहावीच्या विद्यार्थ्यांच्या वतीने वाचलेले भाषण)



आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवाच्या या मंगल वर्षी शाळा सोडून जाणाऱ्या आम्हां विद्यार्थ्यांस चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, हा आम्ही आमचा बहुमान समजतो. आम्ही एकवीस जण आहोत. वाचणारा एक असला तरी या भाषणातील विचार सर्वांनी एकत्र बसून जुळविले आहेत; म्हणून येथे जे 'आम्ही' म्हटले आहे ते खरोखरच सर्वांचे आहे.

पश्चिमेस समुद्र आणि पूर्वेस रेल्वेचा रस्ता, यांच्या मधल्या वसई-अर्नाळा पट्टीत, केळीच्या बागा आणि फुलांच्या वाड्या यांच्या आश्रयाने आमची शाळा उभी आहे. तिची कौले जुनी आहेत; ओसरी अरुंद आहे; पावसाळ्यात वाऱ्याची झड आली की पहिल्या रांगेतील मुलांस बाके मागे सरकवावी लागतात. तिच्या भिंतीवर मोठ्या देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी नाही. ज्यांनी तिच्यासाठी विटा वाहिल्या, बांबू दिले, केळीचे लोंगर विकून आलेले पैसे दिले, त्यांची नावे कोठेच कोरलेली नाहीत. ती आपल्याच आजोबा-पणजोबांची नावे आहेत, एवढे मात्र आम्हांस ठाऊक आहे.

शाळा लहान आहे असे म्हणताना पुष्कळांच्या स्वरात थोडी कीव असते. आम्हांस या लहानपणाचा लाभ काय झाला, ते सांगणे आज आमचे कर्तव्य आहे. लहान शाळेत कोणी हरवत नाही. हजेरीच्या वेळी एखाद्या नावापुढे उत्तर आले नाही, तर ते घर कोणते, त्या घरी आजारी कोण, आणि वाडीत या आठवड्यात लावणी आहे की तोडणी, हे गुरुजींस विचारावे लागत नसे. आम्ही आठवीत असताना आमच्यातील एकाचे वडील अंथरुणास खिळले आणि तो भाजीच्या टेंपोवर जाऊ लागला. त्याची जागा तीन आठवडे रिकामी होती. चौथ्या आठवड्यात गुरुजी रोज दिवेलागणीस त्याच्या वाडीत जाऊ लागले. विहिरीच्या कठड्यावर बसून त्यांनी त्यास बीजगणिताचे पाठ दिले. त्याने टेंपो सोडावा असे ते एकदाही बोलले नाहीत. कारण त्या घरची चूल त्यावर पेटत होती. वडील उठून कामास लागले तेव्हा मुलगा वर्गात परत आला, आणि आला तो आम्हां सर्वांच्या बरोबरीने आला. आज तो आमच्याच रांगेत बसला आहे.

आमच्यापैकी अनेकांचा दिवस पहाटे अंधारातच सुरू होतो. मोगऱ्याच्या कळ्या उमलण्यापूर्वी खुडाव्या लागतात, आणि सोनचाफा दादरच्या बाजारात वेळेवर पोहोचावा लागतो. आईबापांची टोपली पहिल्या गाडीस लागली की आम्ही दप्तर घेऊन शाळेची वाट धरीत असू. पहिल्या तासाला डुलकी लागणाऱ्या मुलास आमच्या बाई रागे भरत नसत. त्यास उठवून फळा पुसावयास सांगत. कष्टाच्या घरातून आलेल्या मुलाचा मान कसा राखावा, याचा हा पाठ आम्ही कोणत्याही पुस्तकात वाचलेला नाही.

भाषेविषयी दोन शब्द बोलले पाहिजेत. आम्ही शाळेत आलो ते कोणी सामवेदी बोलत, कोणी वाडवळी, कोणी कोळ्यांची बोली, तर डोंगराकडून आलेले दोघे वारली बोलत. पुस्तकातील मराठी आम्हां सर्वांसच नवी होती. परंतु घरची बोली अशुद्ध आहे असे कोणी आम्हांस सांगितले नाही. बाई म्हणत, "घरी जे म्हणता ते आधी सांगा, मग पुस्तकात काय म्हणतात ते पाहू." अशा रीतीने आम्ही एका बोलीच्या बदल्यात दुसरी घेतली नाही, आमच्या पदरी दोन्ही राहिल्या. धर्मशिक्षणाच्या तासाला फादर थॉमस स्टीफन्स यांची हकीकत ऐकली तेव्हा या गोष्टीचा अर्थ आम्हांस अधिक उमगला. १५७९ साली गोव्यास आलेल्या त्या इंग्रज जेझुइटाने आपल्या श्रोत्यांची भाषा आत्मसात केली, आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रचिले. १६१६ साली ते रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले, आणि १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी ते देवनागरीत सिद्ध केले. समुद्र ओलांडून आलेल्या परक्यास जी भाषा शिकण्यात कमीपणा वाटला नाही, ती आपल्या मुलांनी टाकून द्यावी काय, हा प्रश्न त्या दिवशी वर्गात कोणीतरी विचारला, आणि बराच वेळ कोणीच काही बोलले नाही.

गणिताच्या एका तासाची आठवण आम्हां एकवीस जणांपैकी कोणीही विसरणार नाही. गुरुजींनी आम्हांस एक दोर घेऊन पटांगणात नेले आणि ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद असा चौकोन आखावयास लावला. "हा एक गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर," असे सांगून त्यांनी प्रत्येकास घरचा सातबारा पाहून येण्यास सांगितले. गाव नमुना सातमध्ये मालक व हक्क यांची नोंद असते, आणि बारामध्ये पिकांची, हे आम्ही तेव्हा शिकलो. त्या संध्याकाळी कित्येक घरांत पेटीच्या तळाशी ठेवलेले कागद बाहेर आले. एका आजोबांनी आयुष्यभर त्या कागदांवर अंगठा उमटविला होता. त्यांत काय लिहिले आहे ते त्यांनी नातीच्या तोंडून प्रथमच ऐकले. ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "पुन्हा एकदा वाच." आजूबाजूस वाड्या जाऊन इमारती उठत आहेत, हे आपण सर्व जण पाहतो. ज्यास आपला कागद वाचता येतो, त्यास आपल्या जमिनीविषयी निदान विचारपूर्वक हो किंवा नाही म्हणता येते. वसईतील नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईच्या रक्षणासाठी चळवळ उभारली, आणि त्याच लेखणीने 'सुबोध बायबल' सिद्ध केले. त्या ग्रंथास २०१३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथील ९३ व्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. २५ जुलै २०२४ रोजी ते निवर्तले. माती व अक्षर या दोहोंची राखण एकच माणूस करू शकतो, हे त्यांच्या चरित्रावरून आम्ही शिकलो.

दुपारी बारा वाजता मंदिराची घंटा होई आणि आम्ही मध्यान्हीच्या प्रार्थनेस उभे राहत असू. आमचे हिंदू सोबतीही उभे राहत. त्यांनी ओठ हलवावेत अशी अपेक्षा कोणी केली नाही. गणपतीच्या दिवसांत त्यांच्या घरचे मोदक आमच्या डब्यांत येत आणि नाताळात आमच्या घरचा फराळ त्यांच्या डब्यांत जाई. शेजारधर्म हा शब्द आम्हांस व्याख्येवाचूनच कळला.

आमच्या आज्यांपैकी बहुतेकींची शाळा चौथीतच सुटली. मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियम १९४७ साली झाला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकास मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. कायद्याने दार उघडले. परंतु उंबरठ्यावर घुटमळणाऱ्या मुलीचा हात धरून तिला आत नेणारे माणूसही लागते. आम्हां एकवीस जणांत बारा मुली आहेत, आणि त्यांतील एकीचेही शिक्षण मध्येच थांबले नाही. हे श्रेय आमच्या बाईंचे व धर्मभगिनींचे आहे. तसेच पहाटेच्या गाडीने बाजार करून परतल्यावर पालकसभेस आवर्जून बसणाऱ्या आमच्या आयांचे आहे.

आता मनातील काळजी बोलून दाखवितो. आम्ही पहिलीत आलो तेव्हा दोन बाके भरून मुले बाहेरच्या सतरंजीवर बसत. यंदा पहिलीच्या वर्गात मोकळ्या बाकांची संख्या मोजण्यास दोन्ही हातांची बोटे लागतात. दूरच्या शाळांच्या पिवळ्या गाड्या सकाळी आमच्याच दारावरून जातात. कोणत्याही आईबापांस दोष देण्याचा आम्हांस अधिकार नाही. मुलाचे कल्याण प्रत्येकास हवे असते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी भारत सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा शाळेत पेढे वाटले गेले. त्या पेढ्यांची गोडी पहिलीच्या वर्गात टिकावी, एवढीच आमची विनवणी आहे. आम्हांस इंग्रजीही येथेच शिकविले गेले, आणि ज्या भाषेत आम्ही स्वप्ने पाहतो तिच्या आधाराने ते आम्हांस सोपे गेले, एवढी साक्ष आम्ही देऊ शकतो.

साक्ष देणाराने कामासही उभे राहिले पाहिजे. म्हणून आम्ही सर्वांनी ठरविले आहे की, परीक्षा संपताच येत्या उन्हाळ्यात दर संध्याकाळी पाळीपाळीने दोघे जण ओसरीवर बसू आणि लहान मुलांस गोष्टी वाचून दाखवू. पुढे आमच्यातील कोणी महाविद्यालयात जाईल, कोणी वाडीत राहील, कोणी समुद्रावर जाईल. जो गावात असेल त्याने ही पाळी सोडू नये, असा आमचा आपसात करार झाला आहे. धर्मग्रामाने आम्हांस एक दिवा, एक कपाट आणि चाळीस-पन्नास पुस्तके द्यावीत, ही प्रार्थना.

गुरुजनहो, आपण आम्हांस अक्षर दिले, आणि आमच्या घरांस त्यांचा कागद वाचून दाखविणारी मुले दिली. हे ऋण फिटणारे नाही, आणि ते फिटावे अशी आमची इच्छाही नाही. ते डोक्यावर असेतोवर आम्ही या गावाचे राहू. ज्या प्रभूने लहान मुलांस आपल्याजवळ येऊ दिले, तो आमच्या लहान शाळेवर आपला हात ठेवो, आणि पवित्र माता मरिया आमच्या धर्मग्रामाचे अखंड रक्षण करो.

आपले आशीर्वाद मागून आम्ही आपली रजा घेतो.