तिथीची पाऊणपट



समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवरील या बेंगळुरात मी गरीच्या मासेमारीविषयी बोलणार, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु मालवण-वेंगुर्ल्याकडे धक्क्यावर गरवायला बसणारा जुना माणूस आधी तिथी पाहतो, मग घड्याळ. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते : चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा, द्वादशीस नऊ, दिवसा आणि रात्रीही.

चढत्या पाण्याबरोबर तांबोशी खांबांशी येते. कारण तेथे कालवे चिकटलेली आणि खेकडे दडलेले असतात. गरीस कोळंबी किंवा लहान खेकडा लावावा, दोर खांबालगत सोडावा आणि ताणलेला ठेवावा. तो ढिला पडला, तर मासा खांबाआड शिरतो आणि दोर घासून तुटतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील शीप्सहेड हा मासाही माणसासारख्या दातांनी खांबांवरचे शिंपले फोडतो. तेथेही गळ टाकणारे भरती-ओहोटीचेच गणित मांडतात.

आपल्या घरांत तिथी उरली ती उपवासापुरती. मुलांना येथे समुद्र देता येत नाही. निदान संकष्टीचा चंद्र दाखविताना, ‘आज गावच्या धक्क्यावर भरती केव्हा?’ एवढे त्यांना विचारावे. पंचांगामागचा समुद्र विसरलो, तर गावी आपण केवळ पाहुणे ठरू.